पारव्याला पिशवी नसते

विळा लाल झाला होता. सासूबाईंच्या भावानं, मामांनी, तो चुलीतून काढला, तशी शेजारच्या दोघींनी माझे पाय धरले आणि सासूबाईंनी लुगडं पोटावरून बाजूला केलं. उजव्या बरगडीखाली आधीचे दोन डाग होते, ते अजून ओले होते. तिसरा त्यांच्या मधोमध द्यायचा असं ठरलं होतं. मी ओरडत नव्हते. ओरडायला श्वास लागतो, आणि श्वास घेतला की कळ बरगडीखालून निघून पाठीत उजव्या खवाट्यात घुसत होती. माझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. माझे मालक दारात उभे होते आणि बाहेर बैलांकडे बघत होते.

मालकांना बाजूला सारून ती आत आली. खांद्यावर घोंगडं, डोक्यावर लोण्याचं गाडगं. गाडगं खाली ठेवलं, मामांच्या हातातला विळा मुठीला धरून काढून घेतला आणि शेजारच्या हंड्यात बुडवला. चर्र झालं. हंडा पिण्याच्या पाण्याचा होता. सासूबाईंना विळ्यापेक्षा त्याचाच राग जास्त आला.

"अगं ए लोणीवाले, काय केलंस ह्ये?"

"शेळीला डाग म्याबी देते," ती म्हणाली. "शेळीला बोलता येत न्हाई म्हणून देते. हिला येतंय की. कुणी इचारलं का हिला, कवा दुखतं, काय खाल्ल्यावर दुखतं?"

कुणी विचारलं नव्हतं. मामा तीन गावांत डाग द्यायला जात, पण विचारायची रीत त्यांच्याकडे नव्हती. ती माझ्यापाशी उकिडवी बसली आणि विचारू लागली.

"कळ कवा येती?"

"जेवल्यावर."

"काय जेवल्यावर? भाकर खाल्ली की येती का?"

मला नीट आठवावं लागलं. भाकरीनं येत नव्हती. ताकानं येत नव्हती. तूप प्यायलं की तासाभरात येत होती. आमच्या घरात पोटदुखीला एकच औषध होतं, वाटीभर कोमट तूप. दुखलं की तूप, दुखायचं थांबलं की परत दुखू नये म्हणून तूप. दोन महिने मी तेच पीत होते. तूप तिच्याच लोण्याचं होतं.

"लघवी कशी व्हती?"

"काळ्या चहासारखी."

"आन परसाकडं?"

"पांढरं. चिखलमातीगत."

ती उठली. गाडगं उचललं. सासूबाईंना म्हणाली, "आजपास्नं ह्या घराला लोणी न्हाई. माझंच लोणी पोरीला मारतंय."

आपला माल विकायला नकार देणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

आमचं गाव पाली, राजगडाच्या पायथ्याचं. ती डोंगराच्या वरच्या सोंडेवर राहायची. पाच घरांचा धनगरवाडा, त्यातलं शेवटचं घर तिचं. नवरा मेलेला, मूल नव्हतं. चाळीसएक शेळ्या आणि दोन म्हशी एवढा तिचा संसार. भोर संस्थान खालसा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण तिला विचारलं तर ती म्हणायची, "राजा गेला व्हय? मला कुणी बोललं न्हाई."

ती सगळ्यांना अरे-तुरे करायची. तलाठ्याला, मास्तराला, आमच्या सासूबाईंनाही. कुणी टोकलं तर म्हणायची, "म्या खंडोबाला तू म्हणते. तू त्याच्यापरीस मोठा हायेस का?" माणसांना ती नावानं हाक मारत नसे. शेळ्यांना जशी खुणेवरून नावं देतात तशी माणसांना द्यायची. माझ्या कपाळावर देवीचा एक पांढरा वण होता, म्हणून मी चांदी. सासूबाईंचे कान लांब होते, त्यांना ती तोंडावर लंबकानी म्हणायची. चहाला जळक्या पाल्याचं पाणी म्हणायची आणि त्याला कधी तोंड लावायची नाही. बसायची ती भिंतीला पाठ टेकूनच. "लांडगा मागनं येतो," म्हणायची. आमच्या माजघरात लांडगा कुठून येणार?

आणि ती गाडीत बसत नसे. बैलगाडीत नाही, एस.टी.त तर नाहीच. ज्याला पाय नाहीत त्याच्या पाठीवर बसायचं नाही, असा तिचा नेम होता.

तिची एक सवय गावाला किळसवाणी वाटायची. तिची शेळी मेली की ती तशीच पुरत नसे. आधी पोट फाडून बघायची. "का मेली ते बघितल्याबिगर पुरू ने," म्हणायची. एका पावसाळ्यात तिच्या शेळ्या गळ्याखाली सुजून मरायला लागल्या. सगळा वाडा म्हणाला, देवीचा कोप आहे. हिनं काळीज, म्हणजे यकृत, कापून बघितलं, तर आतल्या नळ्यांत पानासारखे चपटे किडे. ओढ्याच्या दलदलीत चरणाऱ्याच शेळ्यांना ते होत होते, एवढं तिनं ताडलं आणि कळप वरच्या माळाला नेला. तिच्या शेळ्या राहिल्या. देवीला बकरं देणाऱ्यांच्या मेल्या. चाळीस वर्षं पोटं उघडून तिला काळीज कुठं, पित्त कुठं, काय कशाला चिकटलेलं असतं, सगळं पाठ झालं होतं. मी चौथी शिकले. ती एक दिवसही शाळेत गेली नाही. पण शरीराच्या आत काय असतं हे मला तिनं शिकवलं.

विळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती सगळा कळप घेऊन आमच्या दारात आली आणि ओट्यावर भिंतीला टेकून बसली.

"आता काय?" सासूबाईंनी विचारलं.

"हिला भोरला डागदराकडं न्या. नेईपत्तुर म्या हितंच."

"बस की. ओटा काय झिजतोय."

ओटा झिजला नाही, पण शेळ्यांनी पहिल्या दिवशी परसातली मेथी खाल्ली. दुसऱ्या दिवशी वालाचा वेल खाल्ला. तिसऱ्या दिवशी एक बोकड सासूबाईंच्या वाळत घातलेल्या लुगड्याचा पदर चावत उभा होता, तेव्हा सासूबाईंनी मालकांना हाक मारली. "जुंप रं बाबा गाडी. न्हाईतर ही बया घर खाईल."

भोरचे डॉक्टर म्हातारे आणि कमी बोलणारे होते. त्यांनी बरगडीखाली बोटं दाबून धरली आणि म्हणाले, मोठा श्वास घे. मी घ्यायला गेले आणि अर्ध्यातच अडकला. ते म्हणाले, "खडे आहेत."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून मालकांना समजावलं. काळजाच्या खाली एक लहान पिशवी असते. काळजात तयार झालेलं पित्त तिच्यात साठतं. तूप-तेल खाल्लं की पिशवी आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. पित्त आत गोठून खडे झाले की आकसताना एखादा तोंडाशी येऊन अडकतो, म्हणून कळ. आता एक खडा पुढच्या नळीत उतरला आहे, पित्ताला वाट नाही, म्हणून डोळे पिवळे आणि लघवी काळी. तूप, तेल, मटण बंद. खडे औषधानं विरघळत नाहीत. पुण्याला जा, पिशवी काढून टाकावी लागेल.

"नुसतं खडंच काढलं तर?" मालकांनी विचारलं.

"पिशवी राहिली की खडे पुन्हा होतात."

"न्हाई काढली तर?"

"पिशवी पिकेल. मग मी काही करू शकणार नाही."

घरी आल्यावर सासूबाईंनी साफ नाही म्हटलं. त्या दुष्ट नव्हत्या, भ्यालेल्या होत्या. त्यांचं म्हणणं, देवानं पोटात जे घातलं ते बिनकामाचं कसं असेल? पित्त नाही तर अन्न जिरणार नाही. अन्न जिरलं नाही तर माणूस सुकून मरेल. मामांनी मान डोलावली. मालक उठून बैलांना वैरण टाकायला गेले. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. कापून घ्यायला मी भीत नव्हते, दोन डाग सोसले होते. कापून घेऊन वर मरायचं, हे मला नको होतं.

चार दिवसांनी ती आली, घोंगड्यात दोन पारवे गुंडाळून. पडक्या विहिरीच्या कपारीतून धरले होते. आमच्याच खुराड्यातली एक कोंबडी तिनं न विचारता उचलली आणि अंगणात बसली. सासूबाई, मामा, मालक, सगळ्यांना समोर बसवलं. मला दारात घोंगड्यावर बसवलं.

आधी कोंबडी कापली. काळीज काढून तळहातावर घेतलं. त्याच्या खाली हिरवीगार पिशवी चिकटलेली होती, करंगळीच्या पेराएवढी.

"ह्ये काय?"

"पित्त," सासूबाई म्हणाल्या. जन्मभर कोंबड्या साफ केलेल्या बाईला हे सांगायला नको होतं. पिशवी फुटली तर सगळं कालवण कडू होतं.

मग तिनं पारवा कापला. काळीज काढून सासूबाईंच्या हातावर ठेवलं. "हितलं पित्त काढ."

सासूबाईंनी काळीज उलटं केलं, सुलटं केलं. बोटानं चाचपलं. डोळ्यांजवळ नेलं. पिशवी नव्हती.

"तू काढून टाकलीस."

"दुसरा तू काप."

सासूबाईंनी पदर खोचला आणि दुसरा पारवा स्वतः कापला. कितीतरी वेळ शोधलं. आतडी बाजूला करून बघितली. शेवटी त्या हात तसेच ठेवून बसल्या.

"ह्यालाबी न्हाई," त्या म्हणाल्या.

"पारव्याला नसती. कुठल्यालाच नसती. म्या लई कापल्यात. पित्त काळजात व्हतं आन थेट आतड्यात जातं, मधी साठवायला पिशवी न्हाई." तिनं दोन्ही काळजं शेजारी शेजारी मांडली. "आता मला सांग लंबकाने. पिशवीवाली कोंबडी कुठवर उडती?"

"उकिरड्यापत्तुर."

"आन बिनपिशवीचा पारवा?"

सासूबाईंनी वर बघितलं. राजगडाच्या कड्यावर पारव्यांचा थवा गोल फिरत होता. मालक त्या घरात पहिल्यांदाच कुणाला न विचारता बोलले. म्हणाले, "पुण्याला जायचं." मी बसल्या जागीच हसले, आणि हसले म्हणून कळ आली.

एवढ्यावर ती थांबली नाही. पुण्याच्या हॉस्पिटलातून भोरच्या डॉक्टरांकरवी निरोप आला की कावीळ उतरेपर्यंत तीन आठवडे थांबा. त्या तीन आठवड्यांत तिनं मला तयार केलं. माझी मिसरीची डबी ओढ्यात फेकली. पेज, भाकरी, दूधसुद्धा साय काढून. भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऑपरेशननंतर दुखतं म्हणून बायका श्वास आखडून घेतात आणि छातीत कफ भरतो, तेव्हा आधीपासून मोठा श्वास घ्यायची सवय कर. ते तिला पटलं. तिनं माझ्या हातात फुंकणी दिली आणि चुलीपासून दोन हातांवर बसवलं. "हितनं राख उडीव." पहिल्या दिवशी राख हलली नाही. पंधरा दिवसांनी मी सासूबाईंच्या तोंडावर उडवली. थोडी मुद्दाम उडवली.

पुण्याला आम्ही नसरापूरहून एस.टी.नं गेलो. ती चालत आली. आम्ही दुपारी पोचलो, ती दुसऱ्या दिवशी सकाळी. पायांत चिखल, खांद्यावर घोंगडं आणि हातात पळसाच्या पानांचा पुडा. दारावरच्या माणसानं अडवलं. तिनं त्याला बाजूला केलं.

सर्जन तरुण आणि उंच होते. ते माझ्या खाटेपाशी आले आणि पोटाला हात लावण्याआधी म्हणाले, "कुठं दुखतं ते तूच दाखव." ती भिंतीला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, "ह्यो इचारतो. बरा हाय."

मग ती उठली. "हात बघू तुझं."

नर्सबाई ओरडल्या. सर्जननी दोन्ही हात पुढे केले. तिनं बोटं वाकवून बघितली, नखं बघितली. मग पुडा उघडला. आत बोकडाचं ताजं काळीज होतं, पिशवीसकट.

"ही पिशवी काढून दाखीव. फुटली तर चांदीला घरी नेते."

मालक माझ्याकडे बघेनात. मला वाटलं, आता आम्हाला हाकलून देणार. सर्जननी काळजाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"आजी, तुम्ही किती काढल्यात?"

"मोजल्या न्हाईत. धात एक फुटती माझ्याकडनं." धात म्हणजे दहात. ती खोटं बोलत नसे.

त्यांनी नर्सबाईंकडून ताट, दोरा आणि चाकू मागवला आणि व्हरांड्यात टेबलावर बसले. आधी पिशवीच्या मानेशी असलेली नळी बोटानं मोकळी केली. तिला दोऱ्याची गाठ मारली. थोड्या अंतरावर दुसरी गाठ मारली. मग दोन गाठींच्या मधोमध कापलं. थेंब सांडला नाही. मग काळजाला चिकटलेली पिशवी हळूहळू सोलून काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. गच्च भरलेली, हिरवी, अखंड.

तिनं ती उजेडात धरली. उलटसुलट केली. पहिल्यांदाच तिला मी कुणाला मान देताना बघितलं.

"म्या आधी कापते, मग धरते," ती म्हणाली. "तुमी आधी बांधता. चाळीस वरसं म्या उलटं केलं." आणि मला म्हणाली, "जा चांदे. ह्यांच्या हातनं फुटायची न्हाई."

ती "तुमी" म्हणाली, हे मालकांनीही ऐकलं. आम्ही दोघांनी ते पुढे जन्मभर लोकांना सांगितलं.

रक्ताची बाटली लागणार होती. दंड पुढे करणारी पहिली तीच होती. तिचं रक्त जुळलं नाही. तिला ते फार लागलं. "बोकडाचं चालंल का?" असं तिनं नर्सबाईंना खरंच विचारलं. मग मालकांचं घेतलं, ते जुळलं. रक्त गोठावं म्हणून मला सुया टोचल्या, कारण काविळीनंतर रक्त लवकर थांबत नाही. ऑपरेशनच्या सकाळी पाण्याचा घोटही दिला नाही. बांगड्या उतरवल्या. मंगळसूत्र काढायला मी नको म्हणाले, तर नर्सबाईंनी ते फडक्यात गुंडाळून माझ्या मनगटाला बांधलं. टेबलावर तोंडावर भुलीच्या औषधाची जाळी ठेवली. गोड, घाणेरडा वास आला. मी फुंकणी फुंकल्यासारखा मोठा श्वास घेतला. पुढचं मला ठाऊक नाही.

जाग आली तेव्हा तहान लागली होती आणि कुशीतून रबराची नळी बाहेर आलेली होती. दुखत होतं. पण ते दुखणं चिरेचं होतं, ती आतली कळ नव्हती. ती गेली होती. दोन्हींतला फरक मला लगेच कळला. मी मोठा श्वास घेतला. तो पूर्ण आत गेला, कुठेही न अडकता. मला त्या एका श्वासाचा जेवढा आनंद झाला तेवढा पुढे दोन मुलं झाली तेव्हाही झाला नाही. मुलांना हे मी सांगितलेलं आहे.

ती भिंतीला टेकून बसलेली होती. "खोक," म्हणाली. मी पोटाशी उशी धरून खोकले. "आजून." मी खोकले. "उडाली राख," ती म्हणाली आणि घोंगडं अंगावर घेऊन तिथंच झोपली. मालक म्हणाले, ती आदल्या दिवसापासून जागी होती.

तेवीस खडे निघाले. काही मसुराएवढे, काही हरभऱ्याएवढे. एक नळीतून काढावा लागला, तो सगळ्यांत लहान होता. मला मारायला निघालेला तोच. सर्जननी ते बाटलीत घालून मला दिले. तिनं माझ्या हातातून बाटली घेतली. "तुला काय करायचंय? तुझ्या पोटात लई दिस व्हते." अकराव्या दिवशी टाके काढून आम्ही एस.टी.नं पाली गाठली आणि ती बाटली घेऊन चालत आली.

ती बाटली पुढे वेल्ह्याच्या बाजारात सगळ्यांना माहीत झाली. लोणी विकायला जाईल त्या दारात ती खुळखुळवायची. "कुणाला तूप खाल्ल्यावर उजव्या कुशीत कळ येती का?" एखादी बाई हळूच हो म्हणायची. मग तिच्या दारात शेळ्या जाऊन बसायच्या. मला माहीत असलेल्या चार बायका अशा पुण्याला गेल्या आणि चारही परत आल्या. पाचवीच्या घरच्यांनी परसाला काटेरी कुंपण घातलं आणि तिला नेलं नाही. ती पाचवी गेली.

तीन वर्षांनी मामांना कळ आली. उजव्या कुशीत, लग्नाचं जेवण जेवल्यावर. दोन दिवस त्यांनी लपवलं. तिसऱ्या दिवशी वाकून, कुशीवर हात दाबून ते सोंडेवरच्या तिच्या घरी चढून गेले. ती दूध काढत होती. तिनं वर बघितलं.

"इळा तापवू का?" तिनं विचारलं.

मामा खाली बसले आणि रडले. तिनं दूध पुरतं काढलं, मग त्यांना घेऊन खाली आली. मामांनाही त्याच सर्जननी कापलं. त्यानंतर मामांनी कुणाला डाग दिला नाही. त्यांचा विळा गवत कापायला वापरला जाऊ लागला, तो अजून आमच्याकडे आहे.

मी बरी झाल्यावर वर्षानं ती लोण्याचं गाडगं घेऊन दारात आली. सासूबाईंनी तिला पाट मांडला. ती पाट सोडून भिंतीला टेकून बसली. लोण्याचा गोळा काढून तिनं माझ्या भाकरीवर ठेवला. "खा."

मी खाल्लं. तास गेला, दोन तास गेले. तिघी बसून होतो. काही झालं नाही. सासूबाई म्हणाल्या, "पारवा झाली माझी सून." त्या तिच्याकडे बघून असं काही चांगलं बोलल्याचं मला तेवढंच आठवतं.

ती एका उन्हाळ्यात गेली. शेळ्या संध्याकाळी एकट्याच परत आल्या म्हणून लोक बघायला गेले. वरच्या माळावर ती खडकाला पाठ टेकून बसलेली होती. कमरेला बाटली होती. धनगरवाड्यानं ती तिच्यासोबत पुरली. का मेली ते कुणी उघडून बघितलं नाही. बघायला हवं होतं, असं मला वाटतं. तिलाही तेच वाटलं असतं.

विळा तापला त्या दिवशी त्या खोलीत आम्ही सात जण होतो. मामा, सासूबाई, पाय धरणाऱ्या दोघी, मालक, ती आणि मी. मरायला टेकलेली त्यात मी एकटी होते. ते सहाही आता नाहीत. मी आहे.